अमृतप्पांच्या ट्रकची पुढची चाकं

या प्रकरणात चूक माझी किती आणि ट्रकची किती, याचा निवाडा मी तीन महिने ट्रकच्या विरोधात देत होतो. ट्रकला आपली बाजू मांडता येत नाही, याचा मी फायदा घेतला. माणसाला ती मांडता येते, पण मांडू दिली जात नाही. त्याचाही मी फायदा घेतला. हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मी गुरुपादय्या. भालकीच्या तहसिलीत सव्वीस वर्षं दफ्तरखाना सांभाळला. कागद जागच्या जागी ठेवणं, एवढीच माझी विद्या. कोणी माझ्याकडे बघून बोललं की मी खाली बघतो. पण जन्मानं जंगम, म्हणजे लिंगायतांचा पुजारी, म्हणून गावात मला अय्या म्हणतात. पेन्शनीत इंग्रजी पुस्तकं वाचतो, म्हणून मला सगळंच येतं असं समजतात. मी हा समज कधी खोडून काढला नाही. भिडस्त माणसाला ते जमत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे ऐकायला बरं वाटायचं.

पोलीस ॲक्शननंतर पाचव्या वर्षी आमच्या गावचे व्यापारी अमृतप्पा सिकंदराबादेच्या एका माणसाकडून लष्कराच्या डिस्पोजलमधला, म्हणजे लष्करानं विकून टाकलेला, एक ट्रक घेऊन आले. आमचं गाव भालकीपासून सहा कोस, आणि सहाही कोस काळी माती. पावसाळ्यात तिच्यात बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि तो उपसताना बैल आपल्याकडे असा बघतो, जसा काही रस्ता आपणच केलाय. हा ट्रक चारही चाकांनी ओढणारा होता. शेतातला मूग भर पावसात भालकीच्या आडतीवर जाणार, म्हणून गाव खूश होतं. गाडी चालवायला पिराप्पा होता. धनगराच्या घरचा, चाळिशीचा, मोजकं बोलणारा. लढाईत तो ब्रह्मदेशात असल्याच गाड्या चालवून आला होता.

ट्रकबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं. अमृतप्पांनी ते दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं.

"अय्या, हे तुमीच ठिवा. आमच्यात वाचणारं दुसरं कोण हाय?"

माझा नाश तिथंच सुरू झाला.

पुस्तकातून जे समजलं ते थोडक्यात सांगतो. मागची चाकं नेहमीच ओढतात. पुढच्यांनीही ओढावं म्हणून ड्रायव्हरपाशी एक दांडा असतो. पण आमच्या ट्रकच्या आधीच्या मालकानं परदेशातून मागवून आणखी एक सोय बसवली होती आणि तिची पानंही पुस्तकाला जोडली होती. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढी पितळी टोपी होती. तिच्यावर बोटांना पकड यावी म्हणून तीन समांतर रेघा उठवलेल्या. टोपी एका अंगाला फिरवली की चाक आक्सलला, म्हणजे आसाला, जोडलं जातं, दुसऱ्या अंगाला फिरवली की सुटतं. कोरड्या रस्त्यावर सुटं ठेवायचं, चिखलात जोडायचं. पिराप्पानं मिरगाच्या आदल्या दिवशी दोन्ही टोप्या जोडल्या आणि सांगितलं, "आता दिवाळीपतुर ह्यास्नी हात लावायचा न्हाई."

दर सोमवारी सकाळी अमृतप्पांच्या दुकानापुढं ट्रकची पूजा असे. पूजा अर्थात मी करी. बायको महादेवी तबक धरून उभी राही. बानेटला, काचेला, चाकांना विभूती, वर एकेक फूल. मग दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक कामाला निघे.

मिरगानंतरच्या पहिल्या मंगळवारी ट्रक ओढ्याजवळ रुतला. मागची चाकं जागेवर फिरत राहिली आणि पुढची पाहुण्यासारखी नुसती बसून राहिली. पिराप्पा खाली उतरला, चिखलात बसून टोप्यांशी काहीतरी केलं, आणि गाडी निघाली. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला काही झालं नाही. मग बुधवारी पुन्हा, आणि या खेपेला एका चाकातून करकर आवाज.

गावानं सल्ले दिले. शेजारचे भीमण्णा शिंपी म्हणाले, ट्रकनं लढाईत माणसं मारलेली असणार, लिंबू बांधा. भीमण्णांना शिलाईखेरीज सगळ्यात गती आहे. कोणी म्हणालं, पुढं बैल जुंपा. अमृतप्पांनी मात्र माझ्याकडे बघितलं.

"अय्या, पुस्तकात काय म्हंतेत?"

पुस्तकात तपासणीची रीत होती. दोन्ही टोप्या जोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून, पुढचा भाग जॅकवर उचलावा. एक चाक हातानं फिरवावं आणि दुसरं काय करतं ते पाहावं. लिंबाखाली माझ्यासाठी खुर्ची ठेवली गेली. निम्मं गाव जमलं. सव्वीस वर्षांत माझ्या कामाला प्रेक्षक कधी लाभले नव्हते. मला घाम फुटला, पण तो बरा वाटणारा घाम होता.

"उजवं फिरव," मी म्हणालो.

पिराप्पानं उजवं चाक पुढं फिरवलं. डावं चाक मागं फिरलं.

मग भीमण्णा म्हणाले, "अय्या, एक चाक भालकीला निघालंय आन एक बिदरला. मग गाडीनं जायाचं कुठं?"

लोक हसले. मी पान उलटलं. वर मथळा होता, आक्सल कसा काढावा. मला वाटलं, याचा अर्थ उघड आहे.

"आक्सल बिघडला आहे," मी जाहीर केलं.

पिराप्पा हात पुसत म्हणाला, "न्हाई अय्या. ते उलटंच फिरायला पायजे. तिकडं आमी असंच बघायचो."

"पिराप्पा, पुस्तक आहे माझ्या हातात."

"उलटं फिरू नये म्हणून लिवलंय का त्यात?"

लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "व्हय."

एवढ्या लहान शब्दाची मला आजही लाज वाटते. तो मी माझ्या बोलीतसुद्धा बोललो नाही. त्याच्या बोलीत बोललो, म्हणजे त्याला लवकर पटावं.

आता नवा आक्सल हवा. डिस्पोजलच्या मालाची जी कचेरी हैदराबादेत होती, तिच्याकडे मी अर्ज केला. हात सवयीचा, अर्ज उर्दूत गेला. 'कारभार आता इंग्रजीत आहे' असा शेरा घेऊन तो परत आला. शेरा उर्दूत होता. मी इंग्रजीत पाठवला. उत्तर आलं की आपल्या वाहनाला मागचा आक्सल आहे आणि तो सुस्थितीत असल्याचं आपणच लिहिता, तरी दुसऱ्याची गरज कशी ते कळवावं. मी चार पानं कळवलं. मग त्यांनी वाहनाचा लष्करी क्रमांक मागितला. तो अमृतप्पांनी हौसेनं हिरवा रंग देऊन झाकून टाकला होता. तीन आठवडे ट्रक लिंबाखाली उभा राहिला, सोमवारची पूजा तेवढी तिथंच होत राहिली, आणि त्याच्यावर पाखरांनी आपापले अर्ज केले.

शेवटी अमृतप्पांनी मला न विचारता बिदरहून पाशामियाँ उस्तादांना आणलं. पांढरी दाढी, तोंडात पान. त्यांनी दोन दिवस आक्सल उघडून चटईवर मांडला. एकेक भाग उचलून कानापाशी हलवून पाहिला. मग विचारलं,

"कौन बोला आक्सल खराब है?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लिंबाकडे बघितलं.

"मियाँ, ये आक्सल मेरे से बी ज्यादा तंदुरुस्त है." त्यांनी माझ्याकडून पुस्तक मागून घेतलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण कागद कळत होता. दोन पानं तेलानं चिकटलेली होती. त्यांनी पातं घालून ती अलगद सोडवली आणि पुस्तक मला परत दिलं. "पढो हजरत. जोर से पढो."

मी वाचलं. दुसरं चाक उलट दिशेनं फिरल्यास दोन्ही जोडण्या व आक्सल ठीक आहेत असे समजावे.

भीमण्णा म्हणाले, "म्हंजे पिराप्पाचंच बरोबर की."

पाशामियाँनी पिंक टाकली आणि अमृतप्पांना म्हणाले, "सेठ, कोई तो बी टोपियाँ घुमा रा. मैं आया तब एक लगेली थी, एक छूटेली. ऐसे में आगे के चक्के क्या खींचेंगे?"

ते बिदरला गेले. त्यांचं ते वाक्य गावात राहिलं. कोण फिरवतंय?

इथं कोणाही शहाण्या माणसानं पुस्तक मिटलं असतं. पण मी दुखावलो होतो. सगळ्या गावापुढं मला चिकटलेलं पान वाचायला लावलं होतं. टोप्या फिरवणारा सापडला, तर माझं पुस्तकी ज्ञान अगदीच वाया गेलं नाही असं झालं असतं. शिवाय माझ्यापाशी एक वही होती. ट्रक कधी रुतला, कुठे, कोणतं चाक, सगळं मी पहिल्यापासून नोंदत होतो. दफ्तरखाना सुटला तरी बोटं सुटत नाहीत.

श्रावण आला. ट्रक पुन्हा जोडून कामाला लागला. पहिल्या सोमवारी मी पूजा करत असताना पिराप्पा डोक्यावरची टोपी काढून हातात धरून जवळ उभा होता. तो हळूच म्हणाला, "अय्या, चाकास्नी कामून लावता? चिखलात जायलंय ते. इभूत वर बानेटलाच लावा की."

मी त्याला विभूतीवर पंधरा मिनिटं सांगितलं. चाकच तर ओढतं, मग चाकाला का नको, वगैरे. तो मान हलवत राहिला. ते पंधरा मिनिटांचं बोलणं मी फार चांगलं केलं होतं, असं त्या दिवशी मला वाटलं.

मंगळवारी ट्रक रुतला.

त्या रात्रीच्या जेवणाआधी मी वही उघडली आणि मला शोध लागला. चार वेळा रुतला, त्यात तीन मंगळवार आणि एक बुधवार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार कधीच नाही. म्हणजे दोष सोमवारी उपजतो. सोमवारी आमच्या गावचा बाजार. बाजारात शिंदीचं दुकान. मंगळवारी पहाटे टोप्या तपासायचं काम कोणाचं? पिराप्पाचं. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ आकडेवारी कधी जमली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अमृतप्पांच्या दुकानात मी वही वाचून दाखवली. नाव घेतलं नाही. मी फक्त तारखा वाचल्या आणि थांबलो. नाव इतरांनी घेतलं. हा भित्र्या माणसाचा प्रामाणिकपणा.

अमृतप्पांनी पिराप्पाला बोलावलं. "काय रं, सोमवारी शिंदी प्यायलास व्हय?"

"न्हाई मालक. बिरोबाची आण. म्या आजवर त्या दुकानाची पायरी चढलो न्हाई."

"मग टोप्या कोण फिरवायलंय?"

पिराप्पानं एकदा माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. माझ्या हातात वही होती, म्हणून तो वहीकडे पाहतोय असं मी समजलो, आणि वही जरा वर धरली.

"बोल की!"

"कसं बोलावं, मालक," तो म्हणाला आणि किल्ली गादीच्या कडेला ठेवून निघून गेला. घरी बायको, चार लेकरं, आणि शेत म्हणावं असं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मेव्हण्याची मेंढरं राखायला लागला, असं भीमण्णांनी सांगितलं. आणखी म्हणाले, "शिंदीचा दुकानदार तर म्हंतोय, हा बाबा आपल्याकडं कधी आलाच न्हाई. पण तुमच्या वहीत हाय म्हणल्यावर काय!"

मी त्या दिवशी जेवलो नीट. हेही लिहून ठेवतो.

पाशामियाँनी बिदरहून दुसरा ड्रायव्हर धाडला. पाच वेळा नमाज पढणारा, चहासुद्धा न पिणारा माणूस. पहिल्या मंगळवारी सगळं ठीक गेलं. दुसऱ्या मंगळवारी चाळीस पोती मूग घेऊन तो ओढ्यात रुतला आणि पाऊस आला. वरच्या दहा पोत्यांतल्या मुगाला मोड आले. गावात तीन दिवस घरोघरी उसळ झाली. मला ती कोणी कौतुकानं आणून दिली, आणि मला घास गिळेना. चहा न पिणाऱ्या माणसावर शिंदीचा आरोप माझ्या वहीलाही करता येत नव्हता.

"पिराप्पाचा तळतळाट लागला," भीमण्णा म्हणाले.

पुढचा सोमवार उजाडला. मी पूजेला बसलो. महादेवी तबक धरून उभी. बानेट झालं, काच झाली. उजव्या चाकापाशी आलो. तिनं विचारलं,

"अहो, किती येळ फिरवतासा त्याला? इभूत लागली की."

"कशाला फिरवतो?"

"त्या टोपीला. दर सोमवारी बघायलीया मी. अशी फिरवता, तशी फिरवता, मग लावता."

मी हाताकडे बघितलं. माझी तीन बोटं टोपीच्या तीन रेघांत रुतलेली होती.

आता हे नीट सांगतो, कारण लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. विभूतीच्या तीन रेघा आडव्या काढायच्या असतात. लहानपणापासून हात तसाच वळतो. टोपीवर तीन रेघा आधीच उठवलेल्या. चाक थांबेल तशा त्या कधी उभ्या, कधी तिरक्या. तिरक्या रेघांवर विभूती लावायला माझा हात धजत नसे. भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली तरी दुसऱ्याच्या घरात ती सरळ करणारा मी माणूस. तोंडानं मंत्र, आणि हातानं टोपी फिरवून रेघा आडव्या करून, मग वर बोटं ओढायची. चाक आधीच सोयीच्या जागी थांबलेलं असलं तर टोपीला हात लागत नसे आणि तो मंगळवार बरा जाई. नाहीतर टोपी सुटी होई, किंवा अर्धवट राहून करकर करी. माझ्या वहीतले सगळे सोमवार खरे होते. फक्त सोमवारी बाजाराआधी आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती करणारा वही लिहीत होता.

"काय झालं?" महादेवी म्हणाली. "घाम आलाय तुमास्नी."

"काही नाही," मी म्हणालो, आणि टोपी परत फिरवली. टक् असा लहानसा आवाज आला. इतके दिवस तो येतच असणार.

पिराप्पानं पंधरा मिनिटं माझं व्याख्यान का ऐकलं, तो माझ्या हातांकडे का बघत होता, आणि 'कसं बोलावं, मालक' याचा अर्थ काय, हे मला तिथं ट्रकपुढं बसल्याबसल्या कळलं. त्याला पहिल्या श्रावणी सोमवारीच ठाऊक होतं. कदाचित त्याच्याही आधी. अय्या पूजा करताना गाडी बिघडवतात, हे धनगराच्या घरच्या ड्रायव्हरनं भर दुकानात बोलायचं कोणाला? आणि अय्यांची विभूती लागलेली टोपी दुकानापुढं परत फिरवायची तरी कशी?

यानंतर कोणीही सरळ मनाचा माणूस उठून माळावर पिराप्पाकडे गेला असता. मी घरी गेलो आणि कबुलीचा मसुदा केला. पहिल्या मसुद्याला मी 'विषय: टोपी' असं वर लिहिलं. दुसऱ्यात 'अनवधानानं' हा शब्द पाच वेळा आला. तिसऱ्यात दोष निम्मा टोपी बनवणाऱ्या कारखान्यावर गेला. महादेवीनं तिन्ही कागद चुलीत घातले. "तोंड हाय न्हवं तुमाला?" एवढंच म्हणाली. यात तीन दिवस गेले, म्हणजे पिराप्पाचे.

चौथ्या दिवशी मी गेलो. पिराप्पाकडे नाही, अमृतप्पांच्या दुकानात. तिथं सावली होती आणि मला बसायला जागा ठरलेली होती. दुकानात दहाबारा माणसं होती. मी सगळं सांगितलं. विभूती, रेघा, टक्. पिराप्पा शिंदी पीत नाही. वही बरोबर, माणूस चूक. माझा आवाज फार बारीक आला, पण सगळं बोललो.

अमृतप्पांचे डोळे भरून आले.

"अय्या," ते हात जोडून म्हणाले, "केवढं मन तुमचं! एका ड्रायव्हरच्या पोटासाठी सगळं सवताच्या अंगावर घ्यायलात."

"नाही नाही, खरंच मीच—"

"कळतंय आमाला."

"अमृतप्पा, माझं ऐका. मी दाखवतो."

मी सगळ्यांना बाहेर नेलं. ट्रकपुढं बसलो, टोपीत बोटं घातली, रेघा आडव्या केल्या, विभूती लावून दाखवली. पुन्हा फिरवली. टक्. पुन्हा. टक्. आयुष्यात कधी लोकांपुढं इतका ओरडलो नव्हतो.

भीमण्णा बाजूच्या माणसाला म्हणाले, "बघ, त्याच्यासाठी कशी हुबेहूब नक्कल करून दाखवायलेत."

"नक्कल नव्हे!"

"असू द्या अय्या," अमृतप्पा म्हणाले. "अहो, तुमचा हात लागायलाय म्हणून तर इतक्या खेपेला रुतून गाडी एकदाबी उलटली न्हाई."

माझ्या सांगण्यात जितका जोर येई, तितका मी त्यांच्या नजरेत थोर होत होतो. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला रडू आलं, तेही त्यांनी माझ्या थोरपणात जमा केलं.

अमृतप्पांनी मला खुर्चीत बसवलं आणि पिराप्पाला माळावरून बोलावून आणलं. तो आला. पायांना धूळ, हातात काठी. अमृतप्पांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पिराप्पा, तुझी चूक अय्यांनी आपल्यावर घेतली. त्यांच्या शब्दाखातर तुला परत घ्यायलोय, न्हाईतर घेतलं नसतं. पड पाया त्यांच्या."

"चूक त्याची नव्हती," मी म्हणालो.

"बघा," अमृतप्पा म्हणाले.

पिराप्पानं माझ्याकडे पाहिलं. या खेपेला तोंडाकडे. मग काठी बाजूला ठेवली आणि माझ्यापुढं वाकला. मी झटकन पाय मागं घेतले. खुर्ची करकरली.

त्यानं मान वर केली नाही. फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला,

"पाय काढू नका, अय्या. नोकरी परत जाईल."

मी पाय पुढं केले.